भिंतीवरची रेघ पुसू का?

ताई, नमस्कार.

मी ५६ वर्षांची आहे. नागपुरात मराठी माध्यमाच्या एका शाळेत २६ वर्षं शिकवलं, त्यातला बहुतेक काळ पहिली-दुसरीला. पटसंख्या घटत घटत गेल्या वर्षी शाळा बंद झाली. मुलांचे दाखले लिहून दिले, कपाटांच्या किल्ल्या जमा केल्या, संपलं. माझं समायोजन दुसऱ्या शाळेत होणार होतं, पण मी निवृत्ती घेतली. त्याआधी २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचं पाणी घरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. खालच्या खोलीत वडिलांच्या हस्ताक्षरातल्या सात वह्या होत्या आणि माझ्या प्रत्येक वर्गाचा फोटो होता. सगळ्याचा लगदा झाला. मुलगा म्हणतो, घर विका आणि पुण्याला या. आमचे हे म्हणतात, सगळं क्षणभंगुर आहे, कशाला जीव लावायचा? त्यांना त्यातून शांती मिळते. माझ्या मात्र हातातलं बळ जातं. सगळं जाणारच असेल तर मी मनापासून काहीही का करावं? खालच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून तशीच आहे. रंगारी बोलावते आणि परत पाठवते. ती पुसू का, एवढंसुद्धा मला ठरवता येत नाही.

एक वाचक, अंबाझरी परिसर, नागपूर

बाई,

पहिली-दुसरीच्या मुलांनी तुम्हाला २६ वर्षं हीच हाक मारली असणार, म्हणून मीही तीच मारते.

तुमच्या वडिलांच्या वह्या गेल्या, त्याबद्दल आधी बोलू. त्या गेल्या, आणि याला दुसरी बाजू नाही. अक्षर हे माणसाच्या आवाजासारखंच असतं, त्याची नक्कल कोणाकडे नसते. त्या पुरानंतरच्या आठवड्यात मी तुमच्या भागात आले होते. रस्त्याच्या कडेला गाद्या, फ्रिज, दप्तरं आणि फुगलेली पुस्तकं यांचे ढीग लागले होते. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. ज्यांचं फर्निचर गेलं त्यांच्याशी लोक भरपाईबद्दल बोलत होते. ज्यांचे कागद गेले त्यांच्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. तेव्हा तुमच्याशीही कोणी बोललं नसेल, तर ती उणीव आमची आहे. तुम्ही कागदांसाठी रडलात म्हणजे काही चुकीचं केलं नाहीत.

आता ‘क्षणभंगुर’ या शब्दाकडे येते. मी आपल्या नागपूरच्याच इंदोऱ्यात वाढले, बौद्ध घरात. आमच्याकडे मयताच्या वेळी ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा म्हणतात. जे जे घडलेलं आहे ते अनित्य आहे, उत्पन्न होऊन लय पावणं हा त्याचा स्वभाव आहे, असा तिचा सूर. लहानपणी मला ती फार भयंकर वाटायची, कारण ती ऐकू आली म्हणजे गल्लीतलं कोणीतरी गेलेलं असायचं. एकदा मी आजीला विचारलं, आपल्या धर्मात हे इतकं दुःखाचं का म्हणतात? आजी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “बदलते म्हणून तं बरं हाय, पोरी. नाई तं आपुन तिथंच रायलो असतो.”

‘तिथं’ म्हणजे कुठे, हे मला मोठं झाल्यावर कळलं. आजी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. गावची विहीर तिच्यासाठी नव्हती. पाणी हवं असलं की काठावर भांडं ठेवून दूर उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल त्याची वाट पाहायची. तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं की हे असंच होतं, असंच आहे आणि असंच राहणार. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपुरात त्या मैदानावर होती, जिथे आज दीक्षाभूमीचा स्तूप आहे. पांढरं लुगडं नेसून, कडेवर माझी आत्या, आणि लाखो माणसं. जे ‘असंच राहणार’ होतं ते एका सकाळी राहिलं नाही.

म्हणून बाई, अनित्यतेचा विचार करताना मला आजी आठवते. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही असतं, त्यांना बदल म्हणजे पूर वाटतो. ज्यांच्या वाट्याला विहिरीपासून लांब उभं राहणं आलं होतं, त्यांना बदल म्हणजे आत शिरायला दार वाटलं. गोष्ट एकच आहे. तुमच्या वर्गात आलेल्या ज्या मुलाला जूनमध्ये ‘क’ ओळखता येत नव्हता आणि मार्चमध्ये धडा वाचता येत होता, तो अनित्य होता म्हणूनच वाचायला शिकला. काहीच बदलत नसतं तर तुम्हाला करायला काही कामच उरलं नसतं.

तुमच्या यजमानांना त्या शब्दातून शांती मिळते, ती मिळू द्या. माणसं आपापल्या दुःखाला जे औषध लागू पडतं ते घेतात, आणि घर त्यांचंही बुडालं होतं. पण ते औषध तुम्हाला लागू पडत नसेल तर तुमचं काही चुकत नाही. ‘क्षणभंगुर आहे, जीव लावू नका’ हे वाक्य मला अर्धंच वाटतं. बुद्धाचे शेवटचे शब्द म्हणून परंपरेने जे जपलं आहे त्यात दोन भाग आहेत. घडलेलं सारं विघटन पावणारं आहे, हा पहिला. अप्रमादाने, म्हणजे गाफील न राहता, आपलं काम पुरं करा, हा दुसरा. पहिला भाग सगळ्यांच्या तोंडी आला आणि दुसरा मागे पडला. मरणाच्या दारातला माणूस शिष्यांना सांगतोय की सगळं जाणार आहे, आणि लगेच पुढे सांगतोय की कामाला लागा. ‘तरीसुद्धा’ असा शब्दही मध्ये नाही. त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसलाच नाही. आणि त्या मैदानावर दीक्षा घेणारे बाबासाहेब? तब्येत खालावलेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. ६ डिसेंबरला ते गेले. १४ ऑक्टोबरपासून मोजले तर ५३ दिवस.

तुमचा खरा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे, असं मला पत्र तिसऱ्यांदा वाचताना वाटलं. तुम्ही विचारता, जाणारच असेल तर का करावं? त्यामागे असं गृहीत आहे की जे गेलं ते वाया गेलं. तिथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

माझे बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या. पाळीवरून आले की केसात आणि भुवयांत कापसाची पांढरी धूळ असायची, आणि मी लहान असताना मला वाटायचं की बाबा रोज म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ केली की तरुण होतात. आमच्या घरातलं घड्याळ मिलच्या भोंग्यावर लावलं जायचं. ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून हे नाव. २००२ मध्ये ती बंद झाली. आज गांधीसागर तलावाजवळ तिच्या जागेवर मॉल उभा आहे. बाबा तेव्हा निवृत्त झालेले होते. मिल पाडायला लागले तेव्हा ते दोनदा सायकलवर जाऊन पाहून आले, तिसऱ्यांदा गेले नाहीत.

तेव्हा मी त्यांना धीर द्यायला गेले. या मिलने १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला होता, देशात भविष्य निर्वाह निधीचा कायदा व्हायला १९५२ साल उजाडलं. मी म्हटलं, बाबा, मिल गेली पण तिथे सुरू झालेली गोष्ट देशभर पसरली. हे खरंच आहे आणि मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, फंड काही मी काढला नव्हता, मी तर सूत कातत होतो.

मग मी विचारलं, त्या सुताचं काय झालं असेल हो?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “फाटलं असेल.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कोणाचं धोतर झालं असेल, कोणाची चादर, कोणाच्या बाळाची लंगोटं. धुऊन धुऊन विरलं असेल, मग त्याचं पोतेरं झालं असेल, मग तेही गेलं असेल. बाबांनी तीस वर्षं कातलेल्या सुताचा आज या पृथ्वीवर एक धागाही नसेल. पण ते विरलं कशाने? अंगावर राहून. कापड झिजतं तेव्हा ते कोणाला तरी झाकत असतं. ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं शेवटी कसर खाते.

आपल्या भाषेत ‘झिजणं’ आणि ‘वाया जाणं’ हे दोन वेगळे शब्द आहेत, बाई. पायरी झिजते, सहाण झिजते, आईचे हात झिजतात. यातलं काही वाया गेलं असं आपण म्हणत नाही. नळ उघडा राहून पाणी गेलं तर ते वाया गेलं म्हणतो. तुमची २६ वर्षं यातल्या कोणत्या शब्दात बसतात, हे तुम्हीच पाहा.

मी माझ्यापुरतं सांगते. पहिलीच्या बाईंचं काम तर या सगळ्यात फारच निराळं आहे. गणित शिकवणाऱ्या सरांची आठवण गणित अडलं की येते. वाचायला शिकवणाऱ्या बाईंची आठवण वाचताना कधीच येत नाही, कारण येत राहिली तर वाचणं अडेल. अक्षर फोडून, बोट ठेवून, ओठ हलवून वाचण्याचे ते दिवस पुसले जातात तेव्हाच माणूस सरसर वाचू लागतो. तुमचा एखादा विद्यार्थी आज बर्डीच्या गर्दीत बसची पाटी वाचत असेल, कोणी आईच्या औषधाच्या पट्टीवरची तारीख पाहत असेल. त्या क्षणी त्यांच्या मनात तुम्ही नसता. तुम्ही त्यांच्या डोळ्यांत कधीच मिसळून गेल्या आहात. मला हे लिहिताना माझ्या पहिलीच्या बाईंचा चेहरा आठवून पाहायचा होता. नाही आठवला. हे पत्र मात्र मी त्यांच्याच जिवावर लिहिते आहे.

शाळेची इमारत, फोटो, हजेरीपट हे त्या कामाचे पुरावे होते. पुरावे गेले याचं दुःख खरं आहे. पण काम पुराव्यांत नव्हतं.

हे सगळं पटलं तरी तुमच्या हातात लगेच बळ येईल असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सारखी टोचते आहे. पूर रात्रीतून आला, तुम्हाला न विचारता. शाळा बंद झाली तीही तुम्हाला न विचारता, दाखले आणि किल्ल्या देऊन. दोन्ही वेळा निरोप झालाच नाही. मला वाटतं तुम्हाला अनित्यतेने जितकं मोडलं नाही तितकं या न झालेल्या निरोपाने मोडलं आहे. शेवट तर होणारच होता, पण तो तुमच्या हातून झाला नाही.

आपल्या शहराला हाताने शेवट करणं चांगलं ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कामट्या, कागद, कापड, रंग घेऊन माणसं त्या पुतळ्यांसाठी दिवसचे दिवस राबतात. डोळे, दागिने, साडी, सगळं मनापासून. मी लहान असताना बाबांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीतून आरोळी उठते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ मग ती जाळतात. पुढच्या वर्षी पुन्हा कामट्या. ती बनवणाऱ्या हातांना कोणी विचारत नाही की जाळायचीच आहे तर डोळे इतके नीट का काढता. शेवट त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो आणि तो त्यांच्या स्वतःच्या हातून होणार असतो. मला वाटतं, म्हणून त्यांच्या हातातलं बळ जात नाही.

तेव्हा शाळेचा निरोप आता करा. उशीर झाला असला तरी चालेल. तुमच्याबरोबरच्या दोन-चार बाई, तुमच्या शाळेचे शिपाईदादा असतील तर ते, आणि जुने विद्यार्थी जितके सापडतील तितके. आजकाल एकाचा नंबर मिळाला की तीस जण मिळतात. घरीच बोलवा, त्याच खालच्या खोलीत. पोहे करा, तर्री करा. भाषणं नकोत. हजेरी घ्या. एका वर्गाची, आठवेल तशी, नावं पुकारून. जे आले नसतील त्यांचं नाव घेऊन थांबा आणि पुढे जा. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी तुमच्या वर्गाचा फोटो फ्रेम करून लावलेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण अशा फोटोची प्रत प्रत्येक घरी जाते. पण त्यासाठी बोलावू नका. मिळाला तर मिळाला.

वडिलांच्या वह्यांसाठी असं काही करता येणार नाही. त्यांच्यासाठी एक कोरी वही आणा आणि त्या सात वह्यांत काय होतं ते आठवेल तसं लिहा. मजकूर कदाचित थोडाच आठवेल. पण ते ‘ळ’ कसा काढायचे, चुकलेलं कसं खोडायचे, शाई कोणती, कोणत्या पानावर चहाचा डाग होता, हे तुम्हाला आठवत असेल. शिक्षिकेचा डोळा आहे तुमचा, दुसऱ्यांची अक्षरं पाहण्यात आयुष्य गेलं. ती वही वडिलांची होणार नाही, हे मला माहीत आहे. ती तुमची होईल.

आणि एक काम हाती घ्या, मुदतीचं. जन्मभराचं नको, सध्या ते पेलणार नाही. तुमच्या आसपास एखादं मूल असेल ज्याला तिसरी-चौथीत जाऊनही नीट वाचता येत नाही. ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? भांडीवाल्या ताईंची मुलगी, इस्त्रीवाल्याचा मुलगा, कोणीही. दिवाळीपर्यंत रोज अर्धा तास. दिवाळीला थांबायचं, हे आधीच सांगून. त्या दिवशी त्याला एक पुस्तक द्या आणि शेवट तुम्ही करा. नंतर पुन्हा सुरू करावंसं वाटलं तर ते नवं काम असेल, त्याची मुदत नवी.

पुण्याबद्दल मी ठाम काही सांगणार नाही. मुलाकडे जाणं चांगलंही असू शकतं. एवढंच म्हणेन की घर विकायचा निर्णय पुराच्या भीतीने आणि रिकाम्या हातांनी घेऊ नका. हजेरी घेऊन झाल्यावर, वही भरल्यावर, ते मूल वाचायला लागल्यावर घ्या. मुलाला सांगा, मला आणखी एक वर्ष दे. आणि पावसाळ्यात खालच्या खोलीत कागद, दागिने, औषधं ठेवू नका, ती वर न्या.

अजून एक, आणि हे टाळू नका. झोप लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, सकाळी उठणंच नको वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा फक्त विचारांचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा सरकारच्या ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. दिवाळीआधी घर आवरतो तितक्याच सहजपणे हा फोन करा.

राहिली भिंतीवरची रेघ. तुम्ही रंगारी बोलावता आणि परत पाठवता, त्यात मला दुबळेपणा दिसत नाही. त्या रात्रीची तेवढी एकच खूण तुमच्याकडे उरली आहे. टेप आणा, जमिनीपासून रेघेपर्यंत मोजा. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे मुलांची उंची लिहितात तिथे, त्याच उंचीवर पेन्सिलीने एक बारीक खूण करा आणि शेजारी तुमच्या सुंदर अक्षरात लिहा: २३ सप्टेंबर २०२३. मग रंगाऱ्याला बोलवा. हजेरीचा कार्यक्रम रंगाच्या आधी ठेवा, मुलांना रेघ पाहू द्या, ती विचारतील, तुम्ही सांगाल. त्यानंतर भिंत खरवडून घ्या, हात लावून ओल गेल्याची खात्री करा, पुट्टी भरा. ओली असताना रंग दिला तर पहिल्याच पावसात पोपडे निघतील. दसऱ्यानंतरचं कोरडं ऊन चांगलं. रंग तुम्हाला आवडेल तो घ्या, यजमानांना विचारू नका.